दोन विरुद्ध एक

दसऱ्यानंतरच्या बुधवारी दुपारी शोभा लांजेवार यांची जुनी फोर-बाय-फोर गाडी दल्ली-राजहऱ्याकडच्या एका कच्च्या चढावर अडकली. अर्ध्या चढावर पुढच्या चाकांनी जोर घेतला नाही. मागची चाकं मुरमात जागच्या जागी फिरली आणि गाडी मागे घसरत एका झाडाला टेकून थांबली. गाडीत सर्व्हेची तीन माणसं होती. शोभाताई स्वतः चालवत होत्या. कोणाला इजा झाली नाही. आदल्या शनिवारी त्यांचे मोठे दीर रघुनाथ लांजेवार यांनी हीच गाडी भिलाईत, सेक्टर 2 मध्ये तपासली होती आणि "फॉल्ट नाही" असं सांगितलं होतं.

माझं क्वार्टर शोभाताईंच्या समोर. पुढचं बहुतेक पाहिलेलं आहे. जे ऐकलेलं आहे, ते तसं सांगितलं आहे.

रघुनाथ लांजेवार प्लांटच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागातून निवृत्त झाले. भट्टीचं तापमान, गॅसचा दाब, पाण्याचा प्रवाह मोजणारी यंत्रं नीट चालतात की नाही हे पाहणं त्यांचं काम. वडील साकोलीकडची शेती सोडून भिलाईत आले होते. दोन्ही मुलगे प्लांटमध्ये लागले. धाकटा मधुकर क्रेनवर, थोरला मीटरवर. निवृत्तीनंतर रघुनाथरावांनी बोरसीला घर बांधलं. दारावर पाटी लावली. पाटीवर नावाखाली "भेटण्यापूर्वी फोन करावा" असं लिहून घेतलं. फोन केला तर ते "कावून?" एवढंच विचारत. ज्याला सांगता येण्यासारखं कारण नसे, तो जात नसे.

प्लांटमध्ये त्यांना मागून "ट्रिप" म्हणत. यंत्रावर जास्त भार आला की ते आपोआप बंद पडतं, त्याला तिथे ट्रिप होणं म्हणतात. रघुनाथरावांना फार भार लागत नसे. कँटीनमध्ये कोणी चहा त्यांच्या आधी उचलला तरी पुरे. हे नाव त्यांना माहीत होतं. निरोपसमारंभात एका तरुण इंजिनिअरने भाषणात ते चुकून उच्चारलं तेव्हा ते उठून माइकजवळ गेले. म्हणाले, "ट्रिप होते म्हणून भट्टी वाचते. जे होत नाई, ते फुटते. बसा आता." टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. शाल त्यांनी खुर्चीवरच ठेवली आणि नारळ तेवढा घरी नेला.

त्यांचा एक नियम होता. तो त्यांचा शोध नव्हता. प्लांटमध्ये तो सगळीकडे आहे, पण इतरांनी तो कामावर ठेवला आणि ते घरी घेऊन आले. भट्टीवर महत्त्वाचं मोजमाप एक यंत्र घेत नाही, तीन घेतात. एक बिघडू शकतं, म्हणून एकाच्या सांगण्यावरून भट्टी थांबवायची नाही. तिघांतली दोन जे सांगतील ते खरं. उरलेलं एक खराब समजून खाली उतरवायचं. रघुनाथरावांनी वर्षानुवर्षं नव्या पोरांना हे शिकवलं. शिकवताना ते फळ्यावर तीन गोल काढत आणि एकावर काट मारत. ज्याने शंका विचारली त्याच्याकडे पाहून म्हणत, "हा तिसरा."

बोरसीच्या घरात रक्तदाब मोजायची दोन यंत्रं होती. पत्नी कुसुमताईंना चक्कर येऊ लागली तेव्हा रघुनाथराव त्यांना सिव्हिक सेंटरजवळच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी दाब मोजला, जास्त आहे म्हणाले, गोळ्या लिहू लागले. रघुनाथरावांनी पिशवीतून दोन्ही यंत्रं काढून टेबलावर ठेवली आणि तिथेच कुसुमताईंच्या दंडाला एकेक लावलं. दोन्ही नॉर्मल दाखवत होती.

"डॉक्टरसाहेब, दोन एकीकडे, तुमी एकीकडे. तुमचं मशीन उतरवून ठेवा."

डॉक्टर आधी हसले. रघुनाथराव हसत नाहीत हे पाहून थांबले. मग म्हणाले, "मशीन मी उतरवतो, पेशंट इथे ठेवा आणि तुम्ही बाहेर जा." बाहेर रांगेतली माणसं ऐकत होती. कुसुमताईंनी चिठ्ठी पदरात घेतली. गोळ्या त्यांनी सुरू केल्या, पण नवऱ्याला दिसू नयेत म्हणून पिठाच्या डब्यात ठेवल्या. हे त्यांनीच शोभाताईंना सांगितलं. चक्कर थांबली. रघुनाथराव आजही ती आपल्या यंत्रांच्या बाजूने पडलेली साक्ष समजतात.

दुसरी गोष्ट लाल टॅगची. प्लांटमध्ये यंत्रावर काम करायचं असेल तर आधी त्याचा स्विच बंद करून त्यावर लाल टॅग बांधतात. टॅगवर बांधणाऱ्याचं नाव असतं. ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा अधिकारी असो. आत कोणाचा हात अडकलेला आहे हे बाहेरच्याला माहीत नसतं, म्हणून हा नियम. भिलाईत प्लांटच्या घरांमध्ये पोरांनाही तो माहीत असतो. एकदा एक फिटर टॅग सोडायला विसरला आणि राजनांदगावला साळीच्या लग्नाला गेला. काम झालं होतं, आत कोणी नव्हतं, सगळ्यांना ते दिसत होतं. मॅनेजर म्हणाला, सोडून टाका. रघुनाथरावांनी यंत्रासमोर स्टूल टाकलं आणि त्यावर बसले. फिटरला मांडवातून उठवून आणेपर्यंत ते उठले नाहीत. फिटर नव्या कपड्यांत आला, टॅग सोडला. रघुनाथराव त्याला म्हणाले, "आता जा. जेवण उरलं असन तर जेव." त्या फिटरने पुढे त्यांच्याशी बोलणं ठेवलं नाही. मॅनेजरनेही. नियमाप्रमाणे ते बरोबर होते. बहुतेक वेळा ते नियमाप्रमाणे बरोबर असत.

मधुकर लांजेवार यांचा स्वभाव उलटा होता. जुनी फोर-बाय-फोर ही त्यांची हौस. पंधरा वर्षांहून जास्त वापरलेली डिझेल गाडी, डॅशबोर्डवर एक गोल बटण. ते फिरवलं की चारही चाकांना जोर मिळतो. मधुकर रविवारी ती धुवायचे आणि शोभाताईंना चालवायला शिकवायचे. आजारपणात ते गेले. तेराव्याच्या दिवशी जेवणं उरकल्यावर, पंगतीची माणसं हात धूत असताना, रघुनाथराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शोभा, ते गाडी विकून टाक. क्वार्टर सोड. बोरसीले वरची खोली रिकामी आहे, तिथं ये. बाईमाणसाले गाडी पोसवत नाई."

शोभाताईंनी हातातली ताटं खाली ठेवली. "भाऊजी, मी खोली नाई मागितली कोनाले."

"मागायची वेळ येईन. तवा मी पुन्हा नाई विचारणार."

"नका विचारू."

त्यांनी गाडी विकली नाही. एका ठेकेदाराकडे लावली. तो राजहऱ्याच्या बाजूला सर्व्हेची माणसं पाठवतो. डोंगरातले रस्ते कच्चे, म्हणून त्याला चारही चाकांवर चालणारी गाडी लागते. ड्रायव्हर ठेवला तर हातात काही उरत नाही, म्हणून शोभाताई स्वतः चालवू लागल्या. क्वार्टर, घरखर्च, मुलीची नर्सिंगची फी, सगळं त्या गाडीवर. गाडी कामावर राहिली तर त्या सेक्टर 2 मध्ये राहणार, नाही तर बोरसीची वरची खोली. हे त्यांना माहीत होतं. रघुनाथरावांनाही माहीत होतं.

नवरात्राच्या सुमाराला डॅशबोर्डवरचा फोर-बाय-फोरचा दिवा अधूनमधून लुकलुकू लागला. लुकलुकायचा आणि विझायचा. ठेकेदाराने सांगितलं की डोंगरात गॅरेज नाही. गाडीत स्वतःचा एक स्कॅनर ठेवा, दिवा लागला की काय बिघडलंय ते तिथल्या तिथे वाचता आलं पाहिजे. कोणता स्कॅनर घ्यावा हे ठरवायला शोभाताईंनी रघुनाथरावांना बोलावलं. शेजारच्या बायकांना याचं नवल वाटलं. शोभाताई म्हणाल्या, "स्वभाव वाईट आहे त्याईचा. पण रीडिंग खरं असते."

त्या शनिवारी गाडीच्या बॉनेटवर तीन वस्तू ठेवलेल्या होत्या. पहिली, अंगठ्याएवढं काळं उपकरण. ते स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचं आणि रीडिंग मोबाइलवर पाहायचं. हे रघुनाथरावांनी स्वतः मागवलेलं. दुसरी, वायर असलेला छोटा हातातला स्कॅनर. हा त्यांच्या विभागातल्या एका निवृत्त मित्राकडून आणलेला. तिसरी वस्तू पॉवर हाऊस भागातल्या जोगिंदरची. जोगिंदर जुन्या जीपगाड्यांचा मेकॅनिक. त्याचा स्कॅनर म्हणजे रबरी कडांचा जाड डबा, स्क्रीनवर ओरखडे, सोबत वेगवेगळ्या तोंडांच्या वायरींची पिशवी. कोणत्या कंपनीची गाडी, कोणतं मॉडेल, कोणत्या सालाची, हे आधी निवडल्याशिवाय तो काही सांगत नसे. जोगिंदरने नवा घेतला होता, जुना डबा त्याला विकायचा होता. हे त्याने लपवलं नाही.

"भाभीजी, ये ले लो. पुरानी गाडी, पुराना डिब्बा. दोनों एक-दूसरे को पहचानते हैं," तो म्हणाला.

"विकायला आला का तपासायला?" रघुनाथरावांनी विचारलं.

"दोनों, साहब. आप तो सिर्फ डांटने आए हो."

समोरच्या ओट्यावरून कोणीतरी हसलं. रघुनाथरावांनी तिकडे पाहिलं, हसणं थांबलं. मग त्यांनी एकामागून एक तिन्ही लावले. मोबाइलवरच्या उपकरणाने दाखवलं, फॉल्ट नाही. हातातल्या स्कॅनरने दाखवलं, फॉल्ट नाही. जोगिंदरच्या डब्याने बराच वेळ घेतला आणि मग एक ओळ दाखवली. चारही चाकांना जोर देणाऱ्या मोटरकडून तिच्या जागेचा सिग्नल येत नाही, असा त्या ओळीचा अर्थ.

दिवा त्या वेळी विझलेला होता.

"हा खराब आहे," रघुनाथराव म्हणाले आणि डबा उचलून बॉनेटवरून खाली, जमिनीवर ठेवला.

जोगिंदरने तो उचलला, पुसला. "साहब, वो दोनों सिर्फ इंजन से बात करते हैं. फोर-बाय-फोर का दिमाग अलग बैठा है, उस तक ये पहुंचते ही नहीं."

"दोन सांगून राहिले 'नाई', एक सांगून राहिला 'आहे'. आन् जो सांगून राहिला, तो विकायचा आहे. आमाले शिकवतो का?"

"शिकवत नाई, साहब. बता रहा हूं."

"जा तू."

जोगिंदर गेला. जाताना म्हणाला, "भाभीजी, चढाई पे मत ले जाना." शोभाताईंनी दिराकडे पाहिलं. रघुनाथरावांनी बॉनेटवर दोन बोटं ठोकली आणि हातातला स्कॅनर घ्यायला सांगितला, कारण मोबाइलची बॅटरी डोंगरात संपू शकते. बाकी दोन्ही सारखेच आहेत, असं ते म्हणाले. शोभाताईंनी तोच विकत घेतला. सोमवारी गाडी कामावर गेली. बुधवारी चढावर अडकली.

ट्रॅक्टर लावून गाडी ओढावी लागली. ठेकेदाराने गाडी बंद ठेवायला सांगितली. पुढची तुकडी येत्या सोमवारी निघणार होती. त्याने सांगितलं, रविवारी यार्डातल्या मातीच्या चढावर भरलेली गाडी चढवून दाखवा, चढली तर सोमवारी ठेवतो, नाही तर दुसरी गाडी पाहिलेली आहे. शोभाताईंनी चढावर काय झालं ते त्याला सांगितलं. बटण फिरवलं, दिवा लुकलुकला, पुढची चाकं तशीच राहिली. तो म्हणाला, "दीदी, चढाई को ये सब मत सुनाओ, चढाई को चढ़ के दिखाओ."

गुरुवारी सकाळी रघुनाथराव स्कूटरवर आले. कोणाची चौकशी केली नाही. गाडीचं दार उघडलं, पुन्हा दोन्ही उपकरणं लावली. दोन्हींनी पुन्हा फॉल्ट नाही असं दाखवलं. त्यांनी खिशातून लाल टॅग काढला. प्लांटचेच टॅग, निवृत्त होताना ते एक गठ्ठा घरी घेऊन आले होते. टॅगवर स्वतःचं नाव लिहिलं आणि स्टिअरिंगला सुतळीने घट्ट बांधला.

शोभाताई दारात उभ्या होत्या. "हे काय, भाऊजी?"

"कारण सापडत नाई तवपर्यंत गाडी हलणार नाई."

"मंग शोधा नं कारण."

"शोधलं. गाडीत फॉल्ट नाई. फॉल्ट सीटवर आहे." त्यांनी ड्रायव्हरच्या सीटकडे बोट दाखवलं. "तुले चढाव जमत नाई. मी तेराव्यालेच सांगितलं होतं."

हे समोरच्या तीन क्वार्टरांत ऐकू गेलं. मुलगी घरातून बाहेर आली. शोभाताईंनी तिला हाताने आत ढकललं. रघुनाथरावांनी गाडीचं दार लावलं. ते गेले. टॅग राहिला.

पुढच्या दोन दिवसांत सेक्टर 2 मध्ये दोन मतं झाली. एक, म्हाताऱ्याने मुद्दाम केलं. गाडी अडकली की काम सुटेल, काम सुटलं की भावजय वरच्या खोलीत येईल. दुसरं, म्हातारा मुद्दाम काही करत नाही, तो तसाच आहे. पहिल्या मताला कोणताही पुरावा नाही. दुसऱ्या मताचे लोक पहिल्या मताच्या लोकांपेक्षा रघुनाथरावांवर जास्त रागावलेले होते. टॅगला मात्र कोणी हात लावला नाही. एका शेजाऱ्याने सुचवलं, "ताई, कापून टाका." त्याच्या बायकोने त्याला जागेवरच गप्प केलं. तिचे वडील रोलिंग मिलमध्ये होते.

शोभाताईंनी जोगिंदरला शुक्रवारी फोन केला. रघुनाथरावांनाही केला. दोघांना शनिवारी सकाळी बोलावलं. दीर येणार नाहीत असं सगळ्यांना वाटत होतं. ते वेळेच्या आधी आले आणि गाडीसमोर, स्टूल असल्यासारखे, स्कूटरवर बसून राहिले. जोगिंदर डबा घेऊन आला, त्यांच्याकडे न पाहता उभा राहिला.

शोभाताई म्हणाल्या, "मले एकच पाह्यचं आहे. जोगिंदरभाई, गाडीच्या खाली जाऊन त्या मोटरचा प्लग काढून ठेवा. पुरा काढा. मंग तिन्ही लावू. मोटर तर आता तुटलेलीच असन, सगळ्याईले माहीत असन. ज्याले तरी दिसणार नाई, तो आंधळा आहे."

जोगिंदर शोभाताईंकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ये तो मुझे सूझा ही नहीं."

"किल्ली फिरवायची नाई," रघुनाथराव म्हणाले. "टॅग आहे."

"मंग सोडा."

"कारण सापडल्यावर सोडीन."

"किल्ली फिरवल्याबगर कारण कसं सापडन, भाऊजी?"

"ते मी पाहीन."

"दोन दिवसांत मायं काम जाते. तवा पाहसान?"

शोभाताई आत गेल्या. आतून कात्री घेऊन आल्या, शिवणाची मोठी कात्री. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. जोगिंदर दोन पावलं मागे सरला. शोभाताईंचे वडीलही प्लांटमध्येच होते. शोभाताईंनी आधी वाकून गाडीखाली पाहिलं. मग चारही बाजूंनी फिरून पाहिलं, बॉनेट उघडून आत पाहिलं. मोठ्याने म्हणाल्या, "आत कोनी नाई." आणि सुतळी कापली.

टॅग त्यांनी दिराच्या हातात दिला. रघुनाथरावांनी तो घेतला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ट्रिप होणार असं सगळ्यांना वाटलं. ते एवढंच म्हणाले, "लाव."

जोगिंदर खाली गेला, प्लग काढला, बाहेर येऊन सगळ्यांना तो मोकळा लोंबताना दाखवला. शोभाताईंनी किल्ली फिरवली. दिवा लुकलुकू लागला. मोबाइलवरच्या उपकरणाने दाखवलं, फॉल्ट नाही. हातातल्या स्कॅनरने दाखवलं, फॉल्ट नाही. जोगिंदरच्या डब्याने वेळ घेतला आणि तीच ओळ दाखवली, शिवाय तिच्याखाली आणखी एक.

रघुनाथराव स्कूटरवरून उतरले. त्यांनी हातातला स्कॅनर घेतला, त्याच्या मेनूत शिरले, बाहेर आले, पुन्हा शिरले. मग मोबाइल पाहिला. बराच वेळ दोन्ही शेजारी धरून ठेवले. जोगिंदरला काही बोलायचं होतं. शोभाताईंनी त्याला नजरेने थांबवलं.

"दोघं एकाच दारातून पाहून राहिले," रघुनाथराव म्हणाले. ते कोणाशी बोलत होते हे स्पष्ट नव्हतं. "हे दोन नाई. हा एकच आहे."

त्यांच्या हाताखाली शिकलेला एकजण गर्दीत होता. त्याने नंतर सांगितलं की तिन्ही यंत्रं एकमेकांपासून स्वतंत्र असली पाहिजेत, नाही तर मोजणी निरर्थक, हे साहेब पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहायचे. त्याखाली दोन रेघा ओढायचे.

रघुनाथरावांनी मोबाइलवरचं उपकरण पिशवीत टाकलं. मित्राचा स्कॅनरही टाकला. शोभाताईंनी तो विकत घेतलेला होता, पण त्यांनी तो नेऊ दिला. ते स्कूटर सुरू करत असताना जोगिंदर म्हणाला, "साहब, चाय तो पी के जाओ." रघुनाथराव म्हणाले, "तुह्या डब्याची स्क्रीन बदल. ओरखड्यात आकडा चुकीचा वाचल्या जाते." आणि गेले. माफी त्यांनी मागितली नाही. कोणी मागायला सांगितलीही नाही.

मोटरच्या प्लगमध्ये पाणी जाऊन एक तार हिरवी पडली होती आणि आत तुटली होती. धक्का बसला की जुळायची, धक्का बसला की सुटायची. म्हणून दिवा कधी लागायचा, कधी विझायचा. जोगिंदरने संध्याकाळपर्यंत ती बदलली. जुना डबा शोभाताईंनी त्याच्याकडून घेतला.

रविवारी सकाळी ठेकेदाराच्या यार्डात मातीच्या चढासमोर गाडी उभी होती. जोगिंदरही सोबत आला होता. सुपरवायझरने मागच्या सीटवर आपली दोन माणसं बसवली. तिसरा आला नव्हता. थांबावं की सिमेंटचं पोतं टाकावं यावर बोलणं चालू असताना फाटकातून रघुनाथराव चालत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. चढाची माहिती त्यांना कोणी दिली हे कळलं नाही. कुसुमताईंनी दिली असावी, त्या नाही म्हणतात. त्यांनी मागचं दार उघडलं आणि रिकाम्या जागेवर बसले.

"ये कौन हैं?" सुपरवायझरने विचारलं.

"वजन," रघुनाथराव म्हणाले.

शोभाताईंनी आरशात पाहिलं. बटण फिरवलं. दिवा लागला आणि स्थिर राहिला. पुढची चाकं मातीत रुतली, धरली, आणि गाडी एका चालीत वर गेली. वर पोचल्यावर काय बोलणं झालं ते मागे बसलेल्या दोघांनी वेगवेगळं विचारल्यावरही सारखंच सांगितलं.

रघुनाथराव म्हणाले, "आता विक. चालती गाडी आहे, आता कोनी पण घेईन."

शोभाताई म्हणाल्या, "उतरा, भाऊजी."

"खोली अजून रिकामी आहे."

"उतरा."

ते उतरले. दार लावलं, नीट बसलं की नाही हे पुन्हा ओढून पाहिलं. शोभाताईंनी त्या दोघांना घेऊन गाडी खाली आणली. सुपरवायझरने हात वर करून ठीक आहे असं सांगितलं. रघुनाथराव चढावरून पायी खाली येत होते. मुरूम सुटा होता. ते तिरपे पाय टाकत, थांबत येत होते. जोगिंदर हात द्यायला पुढे झाला. त्यांनी हात घेतला नाही. गाडीच्या शेजारून ते गेले, गाडीकडे पाहिलं नाही, फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहिले. दुर्गकडे जाणारी शेअर ऑटो थांबली. माणसं दाटीने बसलेली होती. ऑटोवाल्याने सरकायला सांगितलं तेव्हा आत कोणीतरी कुरकुरलं, आणि रघुनाथरावांचा आवाज यार्डात ऐकू आला, "सरक म्हणलं तर सरकायचं. कावून म्हणजे काय?" ऑटो निघाली.

सोमवारी सकाळी शोभाताईंची गाडी सर्व्हेची तुकडी घेऊन राजहऱ्याकडे गेली.